सीएचआयआर-९९०२१ : ४ तारे

उंदराच्या आतड्याचे ऑर्गनॉइड (पेशींपासून प्रयोगशाळेत बनवलेले इवलेसे अवयव-नमुने) वाढवते मी. पेशींना 'वाढा' असा निरोप देणारं विंट३ए प्रथिन महाग, शिवाय त्याला जोडलेल्या मेदाम्लामुळे हाताळायला नखरेल. म्हणून ही पावडर मागवली. ती जीएसके-३ एन्झाइम रोखते, मग विंटचा निरोप पेशीच्या आत पोचवणारं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन मोडलं जात नाही आणि पेशींना वाटतं, विंटचा निरोप आलाय. ३ मायक्रोमोलर तीव्रतेला स्टेम सेल झकास वाढल्या. डीएमएसओ या द्रावकात नीट विरघळते, पण छोटे भाग करूनच गोठवा. जीएसके-३ला इतरही उद्योग आहेत, त्यामुळे निव्वळ हिच्या भरवशावर 'विंटमुळेच झालं' असं लिहू नका (आमच्या मॅडम लगेच पकडतात!). एपीसी (बीटा-कॅटेनिन मोडायला मदत करणारं) जनुक बिघडलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींसाठी घेऊ नका. तिथे हा विंटचा मार्ग आधीच चालू असतो. एक तारा कापला तो पुरवठादाराच्या दिरंगाईबद्दल.