युद्धकाळात निवडणूक होईल का? अंदाज कशाच्या आधारे बांधावा

युद्धात सापडलेल्या देशात अमुक तारखेपर्यंत राष्ट्रीय निवडणूक होईल का, याची शक्यता आकड्यात मांडायची असेल तर तीन आधार हाताशी असतात : इतिहासातील उदाहरणे, त्या देशाचा कायदा आणि नेत्यांची वक्तव्ये. युक्रेनपुरते बोलायचे तर सर्वाधिक वजन कायद्याला द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतिहासाचा आधार आकर्षक असतो, परंतु त्यातून एकच एक उत्तर निघत नाही. अमेरिकेने यादवी युद्ध चालू असताना 1864 मध्ये आणि दुसऱ्या महायुद्धात 1944 मध्ये अध्यक्षीय निवडणूक वेळेवर घेतली. ब्रिटनमध्ये 1935 साली निवडून आलेल्या संसदेची मुदत दरवर्षी कायदा करून वाढवली गेली आणि मतदान थेट जुलै 1945 मध्ये झाले. इस्रायलची 30 ऑक्टोबर 1973 ची निवडणूक युद्धामुळे 31 डिसेंबरला झाली. यांची सरासरी काढणे व्यर्थ आहे, कारण अमेरिकेच्या संविधानात अध्यक्षाचा कार्यकाळ लांबवण्याची सोयच नाही, तर ब्रिटिश संसदेला त्यासाठी साधा कायदा पुरत होता. आपल्याकडेही अनुच्छेद 83 नुसार आणीबाणीत लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्ष वाढवता येते, आणि 1976 मध्ये ती वाढवलीही गेली. म्हणजे इतिहास नीट वाचला तरी आपण कायद्यापाशीच येऊन पोहोचतो.

युक्रेनमध्ये 24 फेब्रुवारी 2022 रोजी मार्शल लॉ, म्हणजे युद्धकाळातील लष्करी कायदा, लागू झाला. त्यासंबंधीच्या कायद्याचे कलम 19 निवडणुकांना मनाई करते; संविधानाच्या अनुच्छेद 83 नुसार या काळात संसदेची, म्हणजे वेर्खोव्ना राडाची, मुदत आपोआप लांबते, आणि अनुच्छेद 108 नुसार नवा अध्यक्ष पदभार घेईपर्यंत जुना अध्यक्ष पदावर राहतो. म्हणूनच 20 मे 2024 रोजी पाच वर्षे पूर्ण होऊनही झेलेन्स्की पदावर राहिले. अंदाज बांधणाऱ्याला खरा उपयोग होतो तो दिवसांच्या हिशेबाचा. मे 2022 पासून मार्शल लॉची मुदतवाढ साधारणपणे 90 दिवसांची असते, आणि 2019 मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक प्रक्रियाही 31 डिसेंबर 2018 ते 31 मार्च अशी 90 दिवसांचीच होती. म्हणजे मुदतवाढ संपण्याची वाट आणि त्यानंतरची प्रक्रिया मिळून सुमारे सहा महिने होतात. एखादी मुदतवाढ नुकतीच मंजूर झाली असेल आणि प्रश्नातील अंतिम तारीख सहा महिन्यांच्या आत असेल, तर मी 100 पैकी 5 च्या वर जाणार नाही.

या आधारालाही एक फट आहे आणि ती डोळ्यांआड करू नये. कलम 19 हा साधा कायदा असल्याने 450 सदस्यांच्या राडात 226 मतांनी तो बदलता येतो. मार्शल लॉच्या काळात संविधान मात्र बदलता येत नाही, आणि संसदेची मुदत लांबवण्याची तरतूद संविधानातच आहे. त्यामुळे संसदेच्या निवडणुकीपेक्षा अध्यक्षपदाच्या निवडणुकीची वाट थोडी अधिक मोकळी आहे, आणि दोन्ही प्रश्नांना एकच आकडा देणे चूक ठरेल. अर्थात कायदा बदलला तरी खंदकातील सैनिक, व्यापलेल्या प्रदेशातील नागरिक आणि एकट्या युरोपीय संघात आश्रयाला असलेले 40 लाखांहून अधिक लोक मत कसे देणार, हा प्रश्न उरतोच. ज्यांनी देशासाठी सर्वाधिक सोसले त्यांनाच वगळून झालेल्या मतदानाला कौल म्हणता येणार नाही, हे तेथील पक्षांनाही ठाऊक आहे.

वक्तव्यांना सर्वांत कमी वजन द्यावे. नोव्हेंबर 2023 मध्ये झेलेन्स्की यांनी ही निवडणुकांची वेळ नसल्याचे सांगितले. डिसेंबर 2025 मध्ये सुरक्षेची हमी मिळाल्यास 60 ते 90 दिवसांत निवडणूक शक्य असल्याचे म्हटले. दुसऱ्या विधानातील अट पूर्ण होत नाही, तोवर आकडा फार तर दोन-तीन टक्क्यांनी वर न्यावा. कलम 19 बदलणारे विधेयक राडात मतदानाला आले, किंवा मार्शल लॉची मुदतवाढ 90 दिवसांऐवजी कमी काळाची मागितली गेली, तर मात्र तो त्याच दिवशी नव्याने काढावा.

आकडा लिहिण्यापूर्वी प्रश्नाचे शब्द पुन्हा वाचावेत. ‘निवडणूक जाहीर होईल का’ आणि ‘मतदान पार पडेल का’ यांत युक्रेनमध्ये किमान दोन-तीन महिन्यांचे अंतर आहे, आणि तेवढ्या काळात शस्त्रसंधी मोडूही शकते.