हातचलाखी शिकायचीय: आधी उस्तादाचं पुस्तक की बाराखडीचं?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. अकरावीत आहे, ओवाळणीचे पैसे हातात आहेत आणि पत्त्यांची-नाण्यांची जादू शिकायचं डोक्यात पक्कं बसलंय. "मामा, डाय व्हर्ननचं पुस्तक मागवू ना? सगळे म्हणतात तोच सगळ्यांचा गुरू." मी हो म्हणता म्हणता थांबलो. एकोणिसाव्या वर्षी मीही तेच पुस्तक आधी घेतलं होतं आणि वर्षभर त्यातला एकही प्रयोग चार लोकांसमोर नीट उभा राहिला नव्हता. पुस्तकात काही कमी नव्हतं. ते वाचायला जे हात लागतात, ते माझ्याकडे नव्हते. फोनवर तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे जादू म्हटलं की पुण्याचे जादूगार रघुवीर किंवा पी. सी. सरकार आठवतात: मोठा रंगमंच, पेटारे, झगमगाट. इथे विषय आहे हातभर अंतरावरच्या जादूचा. समोरचा माणूस तुमच्या बोटांकडे टक लावून बघतोय, हवं तर नाणं मागून घेऊन तपासतोय. पडदा नाही, दिवे नाहीत, मदतनीस नाही. म्हणूनच कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करायची याला एवढं महत्त्व आहे.

निवड तीन पुस्तकांत आहे. डाय व्हर्ननच्या कामावर लुइस गॅन्सनने लिहिलेलं 'द डाय व्हर्नन बुक ऑफ मॅजिक', 1957 चं. ह्यूगार्ड आणि ब्राउए या जोडीचं 'द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक', 1948 चं. आणि नाण्यांसाठी जे. बी. बोबोचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक', 1952 चं. पहिलं उस्तादाचं, बाकीची दोन शिकवणीची.

व्हर्नन कोण, हे थोडक्यात. जन्म 1894, कॅनडातलं ओटावा. लहानपणीच त्याच्या हाती अर्डनेस या टोपणनावाने 1902 साली शिकागोत छापलेलं पत्त्यांच्या हातचलाखीचं पुस्तक पडलं आणि ते त्याने अक्षरशः पाठ केलं. पुढे हुडिनीला चकवणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं. म्हातारपणी हॉलिवूडच्या मॅजिक कॅसल या जादूगारांच्या क्लबमध्ये तो बसलेला असे आणि जगभरचे जादूगार त्याला 'प्रोफेसर' म्हणत भेटायला येत. 1992 मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी तो गेला. शिकवणारा माणूस होता, पण बाराखडी शिकवणारा नव्हे. त्याच्याकडे येणारे आधीच तयार हातांचे असत, आणि पुस्तकाचाही तोच रोख आहे.

या पुस्तकाची श्रीमंती कशात आहे ते एका उदाहरणाने सांगतो. व्हर्ननचा सगळा भर सहजपणावर. आता एक रुपया उजव्या हातातून डाव्या हातात खरोखर ठेवून बघा. दहा वेळा ठेवा. नाणं टेकल्यावरच डावी बोटं मिटतात, तीही सगळी एकदम नाही, करंगळीकडून सुरुवात होते. काम झालं की उजवा हात सैल पडतो, त्याला आता कुठे जायची घाई नसते. नजर क्षणभर डाव्या मुठीवर जाते आणि लगेच समोरच्याच्या चेहऱ्याकडे वळते. आता नाणं उजव्यातच ठेवून नुसता देखावा करायचा, तर हे सगळं जसंच्या तसं व्हायला हवं. नवशिक्याचं काय होतं? ज्या हातात नाणं लपलंय तो हात ताठरतो, अंगठा विचित्र बाहेर येतो आणि डोळे पुन्हा पुन्हा त्याच हाताकडे वळतात. मी घरच्या एका कार्यात हे केलं, तेव्हा सहा वर्षांचा एक पोरगा शांतपणे म्हणाला, "त्या हातात आहे, काका तिकडेच बघतोय." मोठ्यांना कदाचित कळलं नसतं, पण त्याला कळलं. व्हर्ननचं पुस्तक नेमकं हे सांगतं: बोटांनी काय करायचं त्याच्याही आधी, बोटांनी काय केल्यासारखं *वाटलं* पाहिजे. त्या दृष्टीने त्याच्या तोडीचं पुस्तक मला आजवर भेटलेलं नाही.

पण ते गृहीत काय धरतं? पत्त्यांची दोन पानं एकच असल्यासारखी उचलणं तुम्हाला येतं. नाणं तळहाताच्या मांसात धरून बोटं मोकळी ठेवणं येतं. एवढं आलं की पुढे बोलू, असा त्याचा सूर आहे. त्यातला पेले आणि चेंडूंचा खेळ जगप्रसिद्ध आहे, पण तोही धातूच्या, एकात एक बसणाऱ्या पेल्यांसाठी आणि टेबलामागे उभं राहून करण्यासाठी बसवलेला. आपल्याकडच्या गारुड्याच्या वाट्या बैठ्या असतात, वर धरायला बोंड असतं, आणि तो जमिनीवर बसून खेळ करतो. हाताची ठेवणच निराळी. आपल्या वाट्या घेऊन व्हर्ननचं पान उघडलं तर चार ओळींत अडायला होतं.

आता रॉयल रोड. यात उस्तादाचा स्पर्श कमी आहे, पण क्रम इतका पक्का आहे की एकट्याने घरी बसून शिकणाऱ्याला त्याशिवाय दुसरं काही मी सुचवणार नाही. पहिलं प्रकरण फक्त पत्ते पिसण्याचं. एक युक्ती शिकवायची, लगेच तिच्यावर उभे राहणारे दोन-चार खेळ द्यायचे, मग पुढची पायरी. खुणेचं पान, पान गुपचूप बघून घेणं, पान तळव्यात लपवणं, दोन पानं एक म्हणून उचलणं, हे सगळं टप्प्याटप्प्याने येतं. पेटी शिकताना आधी पलटे घोटतात, तसंच. पलट्यांचा कंटाळा येऊ नये म्हणून प्रत्येक धड्याला एक गत जोडून दिली आहे, ही लेखकांची खरी हुशारी. पहिल्या आठवड्यात आईला दाखवण्यासारखं काहीतरी हातात येतं, आणि शिकणारा टिकतो तो त्यामुळेच.

इथे मराठी घरातल्या माणसाला एक गोष्ट आयती मिळते. आपण झब्बू, मेंढीकोट, बदाम सात खेळताना पत्ते जसे पिसतो, म्हणजे कॅट बोटांच्या टोकांत धरून वरून थोडे थोडे पत्ते दुसऱ्या हातात ओढत न्यायचे, त्याला पाश्चात्त्य पुस्तकांत 'हिंदू शफल' म्हणतात. रॉयल रोडमध्ये त्याला उत्तरार्धात स्वतंत्र प्रकरण आहे. अमेरिकन वाचकाला तिथवर पोचून नवी ठेवण शिकावी लागते, आपल्याला ती आजोळच्या सुट्टीपासून येते. म्हणून भाचीला सांगितलं: पहिलं प्रकरण वाच, पण त्याच्या जोडीला हे मागचं प्रकरणही लगेच उघड. घरातल्या कुणालाही तुझं पिसणं खटकणार नाही, कारण सगळे तसंच पिसतात. व्हर्नन ज्या सहजपणाबद्दल बोलतो, तो इथे फुकट मिळतो.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. तिन्ही पुस्तकं इंग्रजीत, आणि बऱ्याच ठिकाणी बोटांना नावं न देता आकडे: पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. अंगठा त्यात मोजत नाहीत. मी सुरुवातीला अंगठा धरून मोजत होतो आणि एक पकड तीन आठवडे चुकीच्या बोटाने घोटली. शेवटी समासात पेन्सिलीने तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी असं लिहून काढलं, तेव्हा वाक्यं एकदम उलगडली. दुसरी अडचण म्हणजे दोन्ही हात पत्त्यांत गुंतलेले आणि पुस्तक आपोआप मिटतंय. त्यावर माझा उपाय साधा आहे. एका युक्तीच्या पायऱ्या स्वतःच्या आवाजात, मराठीत, सावकाश फोनवर रेकॉर्ड करायच्या आणि ऐकत ऐकत हात चालवायचे. असं मराठीत सांगताना आपल्याला काय कळलेलं नाही ते तिथल्या तिथे कळतं.

नाण्यांसाठी बोबो. जाडजूड पुस्तक: 116 युक्त्या, 236 खेळ. वाचायला बसलात तर दमाल, कारण त्याची रचना शब्दकोशासारखी आहे. आधी नाणं लपवण्याच्या सगळ्या पकडी ओळीने, मग बाकीचं. मी म्हणेन, पकडींपैकी दोनच घ्या, एक बोटांच्या मुळाशी धरायची आणि एक तळहाताच्या मध्यात, आणि सहा महिने बाकी पुस्तकाला हात लावू नका. तळहाताची पकड म्हणजे अंगठ्याच्या बुडाचं मांस आणि समोरची कड यांच्यात नाणं नुसतं टेकून राहणं. पहिल्या दिवशी ते पाच सेकंदांत पडतं. महिन्याभरात तोच हात घेऊन चहाचा कप उचलता येतो. हे सगळं चालता-फिरता, बसमध्ये उभं राहून होतं. नाण्यांना टेबल लागत नाही, ही त्यांची मोठी सोय.

पण कोणतं नाणं? बोबो अमेरिकन अर्ध्या डॉलरवर शिकवतो. ते 30.6 मिमी रुंद आणि साधारण सव्वाअकरा ग्रॅमचं. आपलं दहाचं नाणं 27 मिमी, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. लहान पंजाला ते चालतं, पण मोठ्या तळव्यात निसटतं आणि चार फुटांवरून नीट दिसतही नाही. याचं उत्तर कित्येक घरांत लक्ष्मीपूजनाच्या डब्यात पडलेलं आहे. जुना राणीछाप चांदीचा रुपया 30 मिमीहून जरा मोठा, 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. अर्ध्या डॉलरचा जुळा भाऊच म्हणा. कडेवरच्या रेघा शाबूत असतील तर तळव्यात घट्ट बसतो, आणि दुसऱ्या नाण्यावर आपटला की जो खणखणीत आवाज येतो तो दहाच्या नाण्याला येत नाही. नाण्यांच्या जादूत आवाजावरच अर्धा विश्वास बसतो.

पत्त्यांचंही असंच. पुस्तकं 63 मिमी रुंद पोकर आकाराची पानं धरून चालतात, आपल्या दुकानांत बऱ्याचदा 57 मिमीची अरुंद मिळतात. भाचीचा पंजा लहान आहे, तिला अरुंद पानं उलट सोयीचीच. पूर्ण प्लास्टिकची पानं मात्र टाळा. ती एकमेकांवरून घसरतात, पंख्यासारखी एकसारखी पसरत नाहीत. कागदी पानं पावसाळ्यात दमट होऊन चिकटतात, म्हणून जून ते सप्टेंबर दोन कॅट आलटून-पालटून वापरा आणि डब्यात बंद ठेवा. पाठीला पांढरी कड असलेला कॅट घ्या. मधलं एखादं पान उलटं असलं तरी कडेवरून पटकन लक्षात येत नाही.

मग व्हिडिओ? फुकट आहेत, आणि एखादी हालचाल किती वेगाने व्हायला हवी हे व्हिडिओच दाखवू शकतो, तिथे पुस्तक कमी पडतं. पण व्हिडिओवरून शिकलेली मुलं मी बघितली आहेत. सगळ्यांचे हात त्या एकाच माणसासारखे चालतात, बोलणंही त्याचंच, मराठीत उतरवलेलं. पुस्तकात तो माणूस समोर नसतो, त्यामुळे रिकामी जागा आपल्यालाच भरावी लागते. रॉबर्तो जॉब्बीच्या पाच खंडांच्या 'कार्ड कॉलेज'बद्दलही भाचीने विचारलं. रॉयल रोडपेक्षा बारकावे कितीतरी जास्त, आणि खर्चही तसाच. दोन वर्षांनी हौस टिकली तर तेच घे म्हटलं.

म्हणजे निवड अशी. पत्त्यांची ओढ असेल आणि हात कोरे असतील तर रॉयल रोड, दुसरा विचार नको. नाण्यांची ओढ असेल तर बोबो, पण धीर धरता येणाऱ्यानेच. नाण्यात पहिली शाबासकी मिळायला पत्त्यांपेक्षा बराच उशीर लागतो. व्हर्नन आधी घ्यावा असाही एक वाचक आहे: नाटकात काम केलेला, तबला किंवा कथक केलेला. अशा माणसाला अंग सैल ठेवणं, नजर कुठे असावी, थांबायचं कधी, हे आधीच कळतं. बाकीच्यांना व्हर्नन दुसऱ्या वर्षी. आणि तेव्हा तो असा काही उलगडतो की पहिल्या वर्षीची सगळी मेहनत कशासाठी होती ते दिसतं. व्हर्ननचाच 'ट्रायम्फ' हा पत्त्यांचा खेळ घ्या. अर्धे पत्ते उलटे, अर्धे सुलटे पिसले जातात आणि शेवटी निवडलेलं एकच पान उलटं राहून बाकी सगळे सरळ होतात. तो पिसण्याच्या एका साध्या ठेवणीवर उभा आहे, आणि ती ठेवण रॉयल रोडच्या दुसऱ्या प्रकरणाने आधीच हातात बसवलेली असते.

भाचीने रॉयल रोड मागवलं. माझं व्हर्ननचं पुस्तक तिला पंधरा दिवसांसाठी देतोय, फक्त सुरुवातीची दोन प्रकरणं वाचायला. तिथे युक्त्या कमी आणि दृष्टी जास्त आहे, ती कोऱ्या हातांनाही कळते. राणीछाप रुपयासाठी तिने आजीला गाठलंय. लक्ष्मीपूजन झालं, आता पुढच्या दिवाळीपर्यंत तो डब्यातच असतो. आजी म्हणाली, ने, पण रोज रात्री परत आणून ठेव.