मसुद्यावर सूचना पाठवावी की शाळा व्यवस्थापन समितीत बसावं?

शिक्षण धोरणात पालकाला बोलायला दोन दारं आहेत.

पहिलं दार म्हणजे सरकार धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवतं तेव्हा त्यावर सूचना. उदाहरणार्थ, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा मसुदा 31 मे 2019 ला सादर झाला आणि सूचनांची मुदत पुढे वाढवली गेली; ते धोरण 2020 मध्ये मंजूर झालं. जवळपास पाचशे पानांचा मूळ मसुदा इंग्रजीत होता. मराठी पालकाची अडचण तिथंच सुरू होते. शिवाय ‘शिक्षण मातृभाषेतून हवं’ असं मोघम लिहिलं तर ते ढिगात जातं. परिच्छेद क्रमांक, आताचं वाक्य, तुमचं बदललेलं वाक्य आणि दोन ओळींत कारण, एवढं द्या. एका पत्रात एकच मुद्दा.

दुसरं दार गावातच: शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार समितीत किमान 75 टक्के पालक आणि 50 टक्के महिला हव्यात. कलम 22 नुसार समितीनं शाळा विकास आराखडा करायचा असतो: पुढची पटसंख्या, लागणारे शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, खर्च. अनुदानाच्या मागणीचा आधार हाच कागद. तो अनेकदा मुख्याध्यापक एकटेच भरतात, पालक फक्त सह्या करतात, आणि गळकं छप्पर आराखड्यात येतच नाही. म्हणून सहीआधी वर्गावर्गांतून फिरा, इतिवृत्त वाचून घ्या. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र कलम 21 लागू नाही.

भाषा किंवा अभ्यासक्रम बदलायचा तर पहिलं दार. शिक्षक कमी असतील तर दुसरं, आणि वेळ थोडाच असेल तर आमच्या मते दुसरंच.