टॅबवर काय लावायचं? बालवाडीच्या वयातल्या मुलांसाठी निवड

टॅब द्यावा की नाही, हा वाद बाजूला ठेवू. त्यावर काय चालणार, हे आधी ठरवावं लागतं.

व्हिडिओ सगळ्यात सोयीचा आणि लहानग्यांना शिकवण्यात सगळ्यात कच्चा. बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन ही चिनी भाषा ऐकवली होती. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून ती त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा शिकली नाहीत. व्हिडिओ कॉलचं मात्र उलटं आहे. २०१४ च्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून नाही. कॉलवरचा माणूस मुलाच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देतो, एवढाच काय तो फरक.

गोष्टीच्या पुस्तकांतही हेच दिसतं. कागदी पुस्तक वाचताना मोठी माणसं विचारतात, ‘आता हा कुठे जाईल?’ आवाज करणारं ई-पुस्तक हातात आलं की तोंडी येतं, ‘थांब, ते दाबू नकोस!’ गोष्ट राहते बाजूला. म्हणून वाचून दाखवणारं कोणी असेल तर कागदच घ्या. ई-पुस्तक घ्यायचंच तर हलणारी चित्रं गोष्टीशी जोडलेली हवीत, मध्येच येणारे खेळ नकोत.

अक्षरं-अंक घोकवणाऱ्या अॅप्सबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. टाळ्या वाजेपर्यंत एकेक पर्याय दाबत जाण्यात मुलं लवकर तरबेज होतात. पाच ते सात वर्षांच्यांसाठीचं ‘स्क्रॅचज्युनिअर’ हे अॅप मात्र वेगळं आहे, आणि मोफतही. त्यात वाचता न येणारं मूलही चित्रांचे ठोकळे जोडून स्वतःची गोष्ट हलती करतं. पण वर्गासाठी विचाराल तर मी बटणांवर चालणारा, जमिनीवर फिरणारा छोटा रोबो घेईन. तो किती पावलं जाईल यावर चार मुलं भांडतात, स्वतः चालून मोजतात, चुकलं तर पुन्हा बटणं दाबतात. पडदा लागतच नाही.

वेळेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, कमी असेल तर उत्तमच. एक वर्षाच्या मुलांसाठी पडदा नकोच.

अॅप विकत घेण्याआधी ते इंटरनेट बंद करून चालवून पाहा आणि मुलाच्या शेजारी बसा. दहा मिनिटांत मूल तुमच्याशी एकदाही बोललं नाही, तर ते अॅप काढून टाका.