अ‍ॅड्रेस सॅनिटायझर: सी च्या जुन्या कोडवर दहा महिने वापरल्यानंतर

थेट सांगते. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे प्रोग्रॅम चालताना मेमरीतल्या चुका पकडणारं साधन, ते कंपायलरमध्येच, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनातच असतं. सी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून पोट भरणाऱ्या माणसाने हे आजच लावावं. पण ते गप्प बसलं म्हणजे आपला कोड स्वच्छ आहे, असं मात्र समजू नये. हे दुसरं वाक्य कळायला मला आठ महिने लागले, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

आमचं काम दूध संकलन केंद्रावरच्या यंत्राचं. काटा वजन देतो, अ‍ॅनालायझर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) देतो, आमचं यंत्र दर काढून पावती छापतं. आत छोटा एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि सगळा प्रोग्रॅम सी मध्ये. त्यातला सर्वांत जुना भाग टर्बो सी च्या निळ्या पडद्यावर शिकलेल्या पिढीने लिहिलेला आहे. त्या कंपायलरमध्ये इंट (पूर्णांक ठेवायचा खण) दोन बाइटचा असायचा, ३२७६७ च्या पुढे गेला की उणे व्हायचा. ती माणसं हुशार होती, कोड वर्षानुवर्षं चालला. मग आम्ही पावतीवरची नावं मराठीत केली आणि यंत्रं मधूनच रीस्टार्ट व्हायला लागली. सगळी नाही, रोज नाही. काही गावांत, काही सभासदांच्या वेळी.

पंधरा दिवस मी प्रिंटएफ (मधल्या किंमती पडद्यावर छापणारी ओळ) टाकून शोधत होते. सी मध्ये याचा मोठा घोटाळा असा की नवा प्रिंटएफ टाकला की मेमरीची मांडणी हलते आणि चूक दुसरीकडे जाऊन बसते. शेवटी कंपायलरला सॅनिटाइझ-अ‍ॅड्रेसचा पर्याय दिला, सोबत डीबग माहितीचा, आणि प्रोग्रॅम बोर्डाऐवजी लॅपटॉपवर चालवला. वेगळं काही बसवावं लागलं नाही. जीसीसी या कंपायलरमध्ये हे ४.८ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे, क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये त्याच्याही आधीपासून. काटा आणि अ‍ॅनालायझरकडून येणारा डेटा एका दिवसाचा फाइलीत साठवून तोच पुन्हा पुन्हा आत सोडला. अकराव्या सेकंदाला प्रोग्रॅम थांबला आणि पडद्यावर लाल अक्षरांत अहवाल आला: स्टॅक बफर ओव्हरफ्लो (राखलेल्या जागेपलीकडे लिहिणं), ४७ बाइट लिहायचा प्रयत्न, फाइल अमुक, ओळ अमुक, आणि खाली कोणत्या व्हेरिएबलच्या पलीकडे लिहिलं गेलं त्याचं नावसुद्धा. पंधरा दिवसांचं काम अकरा सेकंदांत झालं होतं.

४७ कुठून आले ते सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी आडवं येणार आहे. नावासाठी ३२ बाइटचा सलग खण, म्हणजे कॅरॅक्टर अ‍ॅरे होता. ‘ज्ञानेश्वर पाटील’ हे नाव इंग्रजी लिपीत जागेसह १७ अक्षरं, नाव संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासह १८ बाइट. आरामात बसतं. तेच देवनागरीत यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) मध्ये लिहिलं की प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि चिन्ह म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. ‘ज्ञा’ मध्ये ज, हलन्त, ञ आणि काना अशी चार चिन्हं आहेत. ‘ज्ञानेश्वर’ची दहा होतात, म्हणजे ३० बाइट. मधली जागा १, ‘पाटील’चे १५, शेवटचा शून्य १. एकूण ४७. मजकूर कॉपी करणारं स्ट्रकॉपी मुकाट्याने सगळं ओतत होतं, खण भरला की पुढच्या घरात. ‘उमा जोशी’ छापताना काही होत नव्हतं, ‘ज्ञानेश्वर’ आला की यंत्र बसत होतं. गावागावात फरक का, याचं उत्तर तिथे मिळालं.

आत हे काम कसं चालतं ते थोडक्यात. मेमरीच्या दर आठ बाइटमागे ते एक बाइट वेगळा राखतं आणि त्यात ‘इथे हात लावायचा की नाही’ याची नोंद ठेवतं. प्रत्येक अ‍ॅरेच्या दोन्ही बाजूंना बांध घालतं. बांधावर पाय पडला की आरडाओरडा. फ्री केलेली, म्हणजे सोडून दिलेली मेमरी लगेच परत वापरायला देत नाही, बाजूला राखून ठेवतं, म्हणजे मेलेल्या पॉइंटरने (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलने) कुणी तिथे डोकावलं तर पकडता येतं. आमच्या लिंक्ड लिस्टमध्ये (प्रत्येक नोड पुढच्याचा पत्ता ठेवतो अशी यादी) नेमकी ती चूक होती: नोड फ्री करायचा आणि मग त्याच नोडला पुढचा कोण ते विचारायचं. कॉलेजात शिकवताना हमखास सांगतात आणि तरी प्रत्येकाच्या कोडमध्ये एकदा सापडतेच. अहवालात तिन्ही जागा येतात: मेमरी घेतली कुठे, सोडली कुठे, आणि सोडल्यावर वापरली कुठे. नवीन मुलांना पॉइंटर शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मी पाहिलेलं नाही.

वेगाचं म्हणाल तर माझी ४० सेकंदांची चाचणी साधारण दीड मिनिटात होते. व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या दुसऱ्या साधनाला तीच चाचणी वीस मिनिटं खायची, म्हणून मी ती रोज चालवत नसे. ही रोज चालते. मेमरी मात्र खूप लागते. आमच्या बोर्डावर हे चालवायचा विचार मी सोडून दिला, आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रात तर हे घालायचंच नसतं. ते चाचणीपुरतं आहे.

मेमरी गळतीचा (घेतलेली मेमरी न सोडण्याचा) अहवाल प्रोग्रॅम संपताना येतो. आमचा प्रोग्रॅम संपतच नाही, वीज जाईपर्यंत चालतो, आणि बाहेरून किल केला की अहवाल न देताच जातो. सिग्नल आल्यावर एक फ्लॅग लावून मेन मधून नीट बाहेर पडण्याची सोय केली, तेव्हा कुठे गळती दिसायला लागली. चार महिने मी ‘गळती नाही’ म्हणून निर्धास्त होते.

तरीही आठ महिने मी खूश होते. मग आम्ही फक्त पावती नाही, तर सभासदांची यादीच मराठीत केली. चाचणी घेतली, सॅनिटायझर गप्प, यंत्रं गावात गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन. “ताई, एका सभासदाच्या नावावर उचल वजा दीड कोटी दाखवतंय. बिल काढू का थांबू?” थांबा म्हटलं आणि उठून बसले.

सभासदाचं स्ट्रक्चर (त्याची सगळी माहिती एकत्र ठेवणारा गठ्ठा) असं होतं: आधी क्रमांक, मग ३२ बाइटचं नाव, नावाला लागून उचल, पैशांत, चार बाइटच्या इंटमध्ये, आणि त्यापुढे बाकीचे खण. वरचंच नाव उदाहरणाला घ्या. ३० बाइट ‘ज्ञानेश्वर’, एकतिसावा जागेचा, बत्तिसावा ‘प’ चा पहिला बाइट. ‘प’ चे उरलेले दोन आणि काना याचे पहिले दोन बाइट जाऊन बसले उचलीच्या चार बाइटांत. ते इंट म्हणून वाचले की येतात −१५२८७८०१२४ पैसे, म्हणजे उणे १ कोटी ५२ लाख ८७ हजार ८०१ रुपये २४ पैसे. मी कागदावर एकेक बाइट मांडून हा आकडा काढला आणि तो सचिवांनी पाठवलेल्या फोटोतल्या आकड्याशी जुळला. एका माणसाच्या आडनावाचं पहिलं अक्षर त्याच्या पैशांत जाऊन बसलं होतं. दहा दिवसांच्या बिलावर ज्याचं घर चालतं, त्याच्या पावतीवर असा आकडा यावा, याचं मला फार वाईट वाटलं.

सॅनिटायझर गप्प का, तर स्ट्रक्चरच्या आतल्या दोन खणांमध्ये ते बांध घालत नाही. घालूच शकत नाही, मांडणी बदलेल. बांध सगळ्या स्ट्रक्चरच्या बाहेर. नाव उचलीवर सांडलं, पण स्ट्रक्चरच्या बाहेर गेलं नाही, म्हणून त्याच्या लेखी सगळं ठीक. हे त्याच्या माहितीपत्रकात आहे, मी वाचलं नव्हतं.

ही चूक पकडली फॉर्टिफाय सोर्स नावाच्या दुसऱ्या एका तपासणीने. ऑप्टिमायझेशन चालू ठेवून त्याची दुसरी पातळी लावली की स्ट्रकॉपीला त्या खणाचा नेमका आकार माहीत असतो आणि तो ओलांडला की प्रोग्रॅम तिथेच बंद. हे दोन्ही एकाच बिल्डमध्ये घालू नका, एकमेकांच्या पायात येतात. मी आता दोन वेगळे बिल्ड करते आणि दोन्हींवर तीच चाचणी चालवते.

दुरुस्ती करतानाची चूकही सांगते, कारण ही सगळ्यांची होते. स्ट्रकॉपी काढून एसएनप्रिंटएफ (दिलेल्या आकारापुरतंच लिहिणारं) घातलं आणि आकार म्हणून ‘साइझऑफ नाव’, म्हणजे नावाच्या खणाचा आकार, दिला. पण ते एका फंक्शनच्या आत होतं, जिथे अ‍ॅरे म्हणून दिसणारी गोष्ट खरं तर पॉइंटर असते. ३२ बिटच्या बोर्डावर साइझऑफ ४ आला. तीन बाइट आणि शून्य. प्रत्येक सभासदाच्या नावाचं फक्त पहिलं चिन्ह उरलं. कंपायलरने याचा इशारा दिला होता, पण तो शेकडो जुन्या इशाऱ्यांत वाहून गेला. त्यानंतर तीन शनिवार बसून डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा या कंपायलरच्या पर्यायांचे सगळे इशारे शून्यावर आणले. हे काम सॅनिटायझर लावण्याआधी करायला हवं होतं.

आणि नाव बसत नाही म्हणून नुसतं ३१ बाइटवर कापलं तरी भागत नाही. ‘रमा दत्ता मोरे’ ३१ बाइटवर कापा: ‘रमा दत्ता म’ पर्यंत २९ होतात आणि पुढे ओकाराच्या मात्रेचे तीनपैकी दोनच बाइट उरतात. पावतीवर तिथे चौकोन येतो. कापायचंच असेल तर मागे येत येत चिन्हाच्या सुरुवातीला थांबावं लागतं.

अनडिफाइन्ड बिहेवियरचा, म्हणजे सी च्या नियमांनी निकाल ठरवलेलाच नाही अशा कृती पकडणारा सॅनिटायझर हा अ‍ॅड्रेस सॅनिटायझरचा भाऊ. तोही सोबत लावा. त्याने आमची एक फार जुनी चूक काढली. मिलिलिटर गुणिले पैसे, आणि मग हजाराने भागणे. ४५ रुपये दर असेल तर ४५०० पैसे गुणिले ५ लाख मिलिलिटर म्हणजे २२५ कोटी, आणि चार बाइटचा इंट २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपास संपतो. म्हणजे ४७७ लिटरपर्यंत हिशोब बरोबर, ५०० लिटरला कोसळला. एक सभासद दहा-वीस लिटर घालतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला दिसलं नाही. मोठ्या गोठ्याचा डेटा आत सोडला तेव्हा दिसलं. उत्तर लाँग लाँगमध्ये (आठ बाइटच्या पूर्णांकात) ठेवलं होतं, पण त्याचा उपयोग नाही, गुणाकार आधी इंटमध्येच होतो. गुणण्याआधी एकाला लाँग लाँग करावं लागतं. हा सॅनिटायझर संदेश देऊन पुढे चालत राहतो आणि संदेश वाहून जातो, म्हणून चुकीवर थांबण्याचा पर्याय जरूर द्या.

या दोघांनाही न दिसणाऱ्या गोष्टी आहेत. किंमत न दिलेला व्हेरिएबल हे पकडत नाहीत, त्यासाठी व्हॅलग्रिंड अजून आठवड्यातून एकदा चालवते. एक खूण मात्र उपयोगी पडते: मॅलॉक या फंक्शनने घेतलेली मेमरी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर एका ठरावीक बाइटने भरतं, त्यामुळे हिशोबात कुठे −१०९४७९५५८६ दिसला, की तिथे कुणीतरी किंमत न भरता इंट वाचला, हे बघताक्षणी कळतं.

फ्लोटची (दशांश संख्या ठेवायच्या खणाची) तुलनाही यांच्या आवाक्याबाहेरची. गायीच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, म्हणून आम्ही चाचणी कायम त्याच आकड्यांवर घ्यायचो. ३.५ आणि ८.५ बायनरीत तंतोतंत बसतात. ४.१ बसत नाही, फ्लोटमधला ४.१ आणि कोडमध्ये नुसता लिहिलेला ४.१ सारखे निघत नाहीत, कारण दुसरा डबल, म्हणजे जास्त अचूक खणातला असतो. दरपत्रकातली ती ओळ कधीच जुळत नव्हती आणि शेतकऱ्याला खालचा दर लागत होता. आता फॅट दहापटीने इंटमध्ये ठेवते, ४१.

‘लॅपटॉपवर चालतं, बोर्डावर अडकतं’ हा प्रश्न मला जुनिअर मुलं सर्वांत जास्त विचारतात. बऱ्याचदा उत्तर एकच असतं: गेटकॅरने (एकेक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनने) दिलेली किंमत कॅरमध्ये (एका बाइटच्या खणात) ठेवली आणि ईओएफशी ताडून पाहिली. ईओएफ ही फाइल संपल्याची खूण, म्हणजे उणे एक. लॅपटॉपवर कॅर चिन्हासकट असतो, जमून जातं. एआरएम लिनक्सवर कॅरला उणे किंमत धरताच येत नाही, तिथे २५५ येतात आणि फाइल कधी संपतच नाही. गेटकॅर इंट देतो, तो इंटमध्येच घ्यायचा. मी आता लॅपटॉपवरचा सॅनिटायझरचा बिल्डसुद्धा कॅर अनसाइन्ड धरून करते, म्हणजे ही चूक घरीच अडकते.

सचिवांना मी त्यांच्या यादीतलं सर्वांत लांब नाव पाठवायला सांगितलं. वडिलांच्या नावासकट ते ९४ बाइटचं निघालं. खण आता १२८ चा आहे, आणि ते नाव रोज रात्री चाचणीत सर्वांत आधी जातं.