फोंतेनब्लो की मालमेझों?

पॅरिसमध्ये एकच दिवस मोकळा, नेपोलियनचा कोणता वाडा बघू, असं मैत्रीण विचारतेय.

आवाका बघितला तर फोंतेनब्लो अफाट आहे: दीड हजारांवर खोल्या आणि अनेक राजवटींचे थर. राजा फ्रान्स्वा पहिल्याच्या दालनात भित्तिचित्रांभोवती गचकामाच्या (स्टको, म्हणजे गिलाव्यात घडवलेल्या) उठावदार मूर्ती आहेत. राजांच्या शयनगृहात नेपोलियनने 1808 मध्ये सिंहासन मांडलं. पण दिवसभर पाय तुटतात.

मालमेझों नेपोलियनची बायको जोझेफिनने 1799 मध्ये घेतलं. पर्सिए आणि फोंतेन या वास्तुविशारद जोडीने सजवलेलं हे घर अर्ध्या दिवसात निवांत होतं. मंत्रणाकक्ष तर लढाईवरच्या तंबूसारखा, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाने मढवलेला! ग्रंथालयातले महोगनीचे खांब जवळून बघाच.

मंगळवारी दोन्ही बंद.

वास्तुकलेचा इतिहास हवा तर फोंतेनब्लो. फक्त नेपोलियनकालीन अंतर्सजावट हवी, किंवा सोबत वयस्क असतील, तर मालमेझों.