हातात ताकद यायला करंटचं मशीन घ्यावं की व्यायामच करावा?

घरात कुणाला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, किंवा मनगटाचं प्लास्टर निघालं आणि मूठच वळेना, की थोड्या दिवसांत कुणीतरी ऑनलाइन मिळणाऱ्या पॅडवाल्या मशीनची लिंक पाठवतंच, आणि मग हे घ्यायचं का यावर चर्चा सुरू. माझं मत आधीच सांगून टाकतो. हात स्वतःहून बऱ्यापैकी हलत असेल तर व्यायाम, आणि स्नायू जेमतेम आकसताना दिसतो पण बोटं काही उघडत नाहीत अशा वेळी मशीन, तेही व्यायामाच्या जोडीला.

पहिला घोळ टेन्स नावाच्या मशीनचा. लोक टेन्स आणतात आणि ताकद येईल म्हणून वाट बघत बसतात. टेन्स दुखणं दाबायला असतं, साधारण ८० ते १०० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला तितके झटके) नुसत्या मुंग्या येतात. ताकदीसाठी हवं ते मसल स्टिम्युलेटर, म्हणजे ईएमएस, ज्यात साधारण २० ते ५० हर्ट्झवर स्नायू खरोखर आकसतो आणि किती सेकंद चालू किती सेकंद बंद हे सेट करता येतं. ही चालू-बंदची सोय नसेल तर ते मशीन घेऊच नका, कारण आपण आपल्या जोरावर मूठ वळतो तेव्हा मेंदू आधी न दमणारे बारीक तंतू कामाला लावतो आणि त्यांच्या पाळ्या बदलत राहतो, करंट मात्र पॅडखालच्या त्याच त्याच तंतूंना एकदम झटका देतो, त्यामुळे स्नायू पटकन थकतो आणि मधे विश्रांती जास्त लागते.

आता पॅरालिसिसचा हात. इथे बहुतेकदा अडचण पकडायची नसतेच, सोडायची असते. बोटं आत वळून घट्ट होतात, वाटी धरली तर सुटत नाही. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण स्मायली बॉल घेऊन येतो! आधीच आवळलेल्या मुठीला अजून आवळायला लावून काय मिळणार, फिजिओला विचारल्याशिवाय तो बॉल नकोच. मशीनचे पॅड इथे हाताच्या पाठच्या बाजूला, कोपराच्या जरा खाली लावतात, करंट वाढवला की मनगट वर येतं आणि बोटं हळूहळू उलगडतात. बघायला भारी वाटतं, पण पेशंट टीव्ही बघत बसलाय आणि हात आपोआप उघडतोय असं चाललं तर फार काही हाती लागत नाही. करंट आला की त्यानेही मनापासून बोटं उघडायचा प्रयत्न करायचा, समोर रिकामी वाटी ठेवायची, धरायची, सोडायची.

उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या गाइडलाइनमध्ये हेच साधारण म्हटलंय, की स्ट्रोकनंतर हाताला करंट सरसकट देऊ नका, पण स्नायू आकसतोय आणि समोरून विरोध केला तर हात हलवता येत नाही अशांना ट्राय करून बघायला हरकत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला चांगल्या हातावर मिट, म्हणजे जाड हातमोजा, चढवून आजाऱ्या हातालाच कामाला लावायची पद्धत आहे, अमेरिकेत तिची मोठी ट्रायल झाली, एक्साइट नावाची, २००६ मध्ये रिझल्ट आले आणि दोन आठवडे असं केलेल्यांचा हात नेहमीची ट्रीटमेंट घेणाऱ्यांपेक्षा चांगला चालायला लागला. मात्र त्यात घ्यायला मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडायला लागत होती, म्हणजे जो हात अजिबात उघडत नाही त्याला हा रस्ता बंदच.

प्लास्टरवाल्यांचं सोपं आहे. नस (म्हणजे स्नायूला हुकूम पोचवणारी नर्व्ह, रक्ताची नव्हे) शाबूत असते, आखडलेला असतो तो सांधा, आणि करंटने सांधा मोकळा होत नाही. कोमट पाण्यात हात, मग रुमाल पिळणं, कणीक मळणं, नळ फिरवणं. बास.

नस तुटलेली असेल तर मात्र घरचं मशीन विसरा. त्याचा पल्स, म्हणजे करंटचा एकेक झटका, २००-३०० मायक्रोसेकंदांचा, आणि नस गेलेला स्नायू त्याला दादच देत नाही, त्याला बराच लांब पल्स लागतो जो क्लिनिकच्या गॅल्व्हॅनिक मशीनवर मिळतो. काहीच हलत नाही म्हणून लोक करंट वाढवत नेतात आणि कातडी भाजते, त्यात तिथे बधिरपणा असला तर कळतही नाही. नस वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तोवर स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारा आधार) वापरा, बोटं आखडू देऊ नका.

पेसमेकर असेल तर डॉक्टरांना न विचारता मशीन नाही म्हणजे नाही. गरोदरपण, फिट्स, हातात रक्ताची गाठ, कॅन्सरची जागा, उघडी जखम, इथेही तेच.

खर्चाचं म्हणाल तर मशीनपेक्षा पॅड डोक्याला ताप, चिकटेनासे झाले की बदलायलाच लागतात, त्यांचा खर्च आधी धरा. आणि घ्यायच्या आधी फिजिओकडे तीन-चार वेळा करंट लावून बघा, हात खरंच उघडतोय का ते. उघडत असेल तर पॅडच्या जागा पेनाने आखून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण घरी आल्यावर पॅड थोडा जरी सरकला तरी मधलं बोट उघडतं आणि बाकीची तशीच राहतात.